सुरमीची वेळ

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्यानं कबुतरं सोडून कोंबड्या पाळाव्यात, असं मी बसल्या बसल्याच जाहीर करून टाकलं.

शिवाजी पेठेतल्या आमच्या होमर क्लबच्या खोलीत दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी नवे सभासद जमतात. चहा येतो, भडंग येतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, नाना, काहीतरी सांगा. माझी खुर्ची ठरलेली आहे. दारासमोरच्या भिंतीवर मोठा काळा फळा आहे. त्यावर प्रत्येक हंगामातल्या मोठ्या शर्यतीत पहिल्या आलेल्या पक्ष्याचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहितात. त्या फळ्याला पाठ टेकून मी बसतो. पाठीला आधार लागतो, वय झालं. आमची सेक्रेटरी रेहाना कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली होती. माझ्या गोष्टी तिच्या इतक्या पाठ आहेत की ती वरही बघत नाही.

पोरांना म्हटलं, आपली होमर कबुतरं दूर नेऊन सोडली की घराकडंच येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा एक नर तर धुक्यात वाट चुकला तेव्हा कराडच्या स्टँडवर कोल्हापूरच्या एस्टीच्या टपावर बसून आला होता, आणि तिकीट लागेल म्हणून रंकाळ्याच्या आधीच उतरला होता. पण ते जाऊ दे. ती थाप आहे. आज खरी सांगतो.

त्या वर्षी मोठी शर्यत नगरच्या पुढून होती. आमचा ट्रक तुका लोहार चालवायचा. आदल्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष्याच्या पायातली रिंग मशीनवर टेकवून लॅपटॉपात नोंद करायची, पक्षी पेट्यांत घालायचे, आणि तुका रातोरात ते घेऊन जायचा. उजाडलं की पेट्यांची दारं उघडायची. इकडं प्रत्येकाच्या ढाबळीच्या दारात एक पट्टी असते. पक्षी तिच्यावर उतरला की त्याच्या रिंगेचा नंबर आणि वेळ पट्टीला जोडलेल्या डबीत नोंदली जाते. संध्याकाळी सगळ्यांनी आपापली डबी क्लबात आणायची, ती लॅपटॉपला लावायची, नोंदी आत गेल्या की डबी आपोआप रिकामी होते. मग निकाल.

तेव्हा सेक्रेटरी होते हेरवाडे अण्णा. माणूस इतका स्वच्छतेचा भोक्ता की ढाबळ झाडून झाल्याशिवाय तोंडात चहा घ्यायचे नाहीत. तसं आपण सगळेच झाडतो, पण अण्णा झाडल्यावर ढाबळीत पाट मांडून जेवता आलं असतं. त्यांचा नर राजा त्या वर्षी भलताच जोरात होता. फळ्यावर राजाचंच नाव लागणार असं सगळे धरून चालले होते.

एक जण सोडून. बाबालाल मुल्लाणी.

बाबालाल म्हणजे माझा लंगोटीयार. एकाच गच्चीवर आम्ही पहिली कबुतरं पाळली. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता. डॉक्टरनं सांगून टाकलं होतं की आहे ते किती टिकेल सांगता येत नाही. त्याची मादी सुरमी, डोळ्याभोवती काळी कड असलेली, म्हातारी झाली होती. लोक हसायचे. बाबालाल मला म्हणाला होता, "नाना, मला बक्षीस नको. फळ्यावर तिचं नाव लागावं, आणि ते मला वाचता यावं. मागनं लागून काय उपयोग?"

शर्यतीच्या दिवशी धुकं पडलं. असं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हशीची शिंगं दिसायची, म्हैस दिसायची नाही. पक्षी येईनात. दुपार टळल्यावर राजा आला, अण्णांनी पेढे वाटले. बाबालाल संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी डबी घेऊन आला आणि म्हणाला, सुरमी तर राजाच्या कितीतरी आधी आली. कुणी पाहिलं? कुणीच नाही. त्यानं स्वतःही धड पाहिलं नव्हतं, त्यानं पंखांचा आवाज ऐकला होता आणि पट्टीची पिक् अशी शिट्टी ऐकली होती. घड्याळ त्याला दिसत नव्हतं. पोरं म्हणाली, चाचा, ती उद्या येईल, आज पारवा उतरला असंल. बाबालालनं नुसती डबी पुढं केली. तिच्यातच काय ते होतं.

आणि नेमका तेव्हा लॅपटॉप अडला.

तो तसा दोन वर्षं अडतच होता. पक्ष्यामागं पक्षी वाढले तसा तो पेंगायला लागला. एक डबी लावली की माणसानं पंचगंगेवर जाऊन आंघोळ करून यावं. बाबालालची डबी सगळ्यात शेवटी लागली. तिच्यातल्या नोंदी आत गेल्या, डबी रिकामी झाली, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. अण्णांचा पेढ्यांचा उत्साह उतरला. त्यांनी सरळ वायर ओढली. बॅटरी तर कधीच मेलेली.

सकाळी अण्णा क्लबात आले. पहिलं काम झाडू. खोली झाडली, मग लॅपटॉपही झाडायला घेतला. आमच्या सगळ्या नोंदी एकाच फाइलीत असायच्या. तिच्याशेजारी दुसरी एक फाइल अण्णांना दिसली. नाव तेच, मागं फक्त शेपूट जोडलेलं. अण्णांना वाटलं, ही रात्रीची घाण. पुसली. मग शहाण्या माणसासारखा मोठ्या फाइलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला, कालच्या बॅकअपच्या डोक्यावरच. मग राजाचे नवे फोटो लॅपटॉपात घातले, सगळ्या बाजूंनी काढलेले. आणि मग निकाल काढायला प्रोग्रॅम उघडला.

प्रोग्रॅम म्हणाला, फाइल बिघडली आहे. पेनड्राइव्हवरचीही तीच. आजवरच्या सगळ्या हंगामांचे निकाल, पक्ष्यांच्या वंशावळी, सगळं त्यात.

दुपारपर्यंत पेठेत बातमी फिरली की हेरवाड्यानं सुरमीची नोंद पुसली. राजाला पहिला आणायला. मी अण्णांना ओळखतो, तो माणूस मुंगी चुकवून पाय टाकतो. पण कुणाकुणाला सांगणार? अण्णा खुर्चीत बसून राहिले. त्यांचा चेहरा पाहून मीच म्हटलं, अण्णा, तुमच्या भाचीला बोलवा.

भाची म्हणजे वसुधा शिरगुप्पे. इचलकरंजीची. ती मागावरच्या यंत्रांत बसवायचे असलेच छोटे डेटाबेस करायची. ज्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, प्रोग्रॅमच्या पोटातच जो राहतो, तो. बिघडलेल्या अशा फाइलींसाठी तिला कुठून कुठून फोन यायचे. पोरगी दिसायला एवढीशी, आवाज त्याहून बारीक. आली, दारात चपला काढल्या आणि पहिलं वाक्य काय बोलली? "मामा, आत्ता कुणी कशाला हात लावायचा न्हाई."

मग तिनं लॅपटॉपची वायर काढली. मी म्हटलं, पोरी, वायर काढूनच तर हे झालं. ती म्हणाली, पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिची जागा फक्त मोकळी समजली जाते. मशीन जितकं चालू राहील तितकं त्या जागेवर दुसरं काहीतरी येऊन बसेल. रिकाम्या खुराड्यात पारवे शिरतात तसं, हे मी माझ्या मनात म्हटलं.

अण्णांना तिनं काय केलं ते सगळं विचारलं. क्रमानं. एकदाही रागावली नाही. अण्णा झाडल्यापाशी आले, तेव्हाही ती फक्त म्हणाली, बरं, पुढं. मी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले, रोग्याला असं ऐकून घेणारा एकही नाही पाहिला.

मग डिस्क बाहेर काढून तिनं तिची हुबेहूब प्रत आपल्या मशीनवर घेतली आणि मूळ डिस्क रुमालात गुंडाळून बाबालालच्या हातात दिली. अण्णांच्या नाही, बाबालालच्या. सगळी खोली बघत होती. "चाचा, ही तुमच्याजवळ ठेवा. मी जे काय करीन ते हिच्या प्रतीवर करीन. चुकलं तर परत हिच्याकडं यायचं." बाबालालनं ती डिस्क अंडं धरतात तशी धरली.

आम्हाला तिनं सांगितलं ते असं. नव्या नोंदी आधी त्या शेपटीवाल्या फाइलीत पडतात. सवड मिळाली की प्रोग्रॅम त्या मोठ्या फाइलीत नेऊन बसवतो. तो बसवत असताना अण्णांनी वायर ओढली. तरीही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमनं शेपूट बघून राहिलेलं काम पुरं केलं असतं. पण शेपूटच झाडून टाकलं. मोठी फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी राहिली.

अण्णा म्हणाले, "मी रोज बॅकअप घेत होतो गं."

"घेत होता मामा. पण कुठला उघडून बघितला काय कधी?"

अण्णांनी पेनड्राइव्ह खिशातून काढून टेबलावर ठेवला.

आता तिला हवी होती शर्यतीच्या आधीची एक धड प्रत. तिच्यात शेपटीतून मिळतील त्या नोंदी घालता आल्या असत्या. तेव्हा मला आठवलं. पक्षी चढवायच्या वेळी लॅपटॉप तुकाच्या ट्रकाच्या फळीवर असायचा. यादी छापायचं काम तुकाचं. प्रोग्रॅमात छपाईच्या शेजारी बॅकअपचं बटण होतं, आणि तुकाला वाटायचं की दोन्ही दाबल्याशिवाय यादी येत नाही. ती प्रत जायची लॅपटॉपात खुपसलेल्या त्याच्याच गाण्यांच्या कार्डात. आणि गाण्यांशिवाय तुका ट्रक चालवत नाही, म्हणून कार्ड सोबत गेलेलं.

वसुधाचे डोळे चमकले. प्रोग्रॅममधून घेतलेली प्रत म्हणजे शेपटीसकट पुरी, असं ती म्हणाली.

पण तुका होता पेठनाक्यावर. ऊसदराचं आंदोलन पेटलेलं, हायवेवर उसाचे ट्रॅक्टर आडवे, इंटरनेट बंद केलेलं. फोन तेवढा लागत होता. तुका म्हणाला, नाना, दोन दिवस हलत नाही मी, इथं भाकरी चांगली मिळतीय. आणि आमचा नियम असा की उद्या दुपारपर्यंत निकाल लावायचा, नाहीतर शर्यत रद्द.

मी विचारलं, तुका, ट्रकात पक्षी उरलाय का एखादा?

उरला होता. पाणी न प्यालेला पक्षी सोडायचा नाही, हा तुकाचा दंडक. म्हणून त्यानं एक नर मागं ठेवला होता. बाबालालचाच. चांद. सुरमीचा जोडीदार.

पोरांनो, आता ऐका. तुकानं ते नखाएवढं कार्ड प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं, चांदच्या पायाला दोऱ्यानं बांधलं, पाणी पाजलं आणि ट्रकाच्या टपावरून सोडला. मी बाबालालच्या गच्चीवर उभा. नाक्याच्या जरा पुढं त्याच्यामागं ससाणा लागला म्हणतात. चांद उसाच्या ट्रॅक्टरखालून गेला, ससाण्याला आंदोलकांनी अडवलं. वारणा ओलांडली तेव्हा त्यानं एक डोळा मिटून घेतला, वाऱ्यानं पाणी येत होतं म्हणून. टोपच्या खाणीवरून आला तो इतका जोरात की सावली मागं राहिली आणि नंतर चालत आली. बाबालालची ही रेहाना तेव्हा कॉलेजात होती, गच्चीवर माझ्या शेजारीच. तिनं हात पुढं केला, चांद उतरला, आणि आधी सुरमीकडं बघून घुमला, मग पाय पुढं केला.

नवी पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, नाना, कार्डातली गाणीपण वाजत होती काय उडताना? मी म्हटलं, हसा. मी आधीच सांगितलं होतं.

वसुधा हसली नाही. तिनं कार्ड घेतलं, आतली प्रत उघडून पाहिली, प्रोग्रॅमकडून तपासून घेतली, पहिल्या हंगामातला एक पक्षी काढून अण्णांना विचारला, मधला एक मला विचारला. जुळले. मग म्हणाली, हा बॅकअप. तोपर्यंत तिनं त्याला बॅकअप म्हटलंच नव्हतं.

मग पुसलेलं शेपूट शोधायला बसली. जेवली नाही, पाठ टेकली नाही. डिस्कच्या प्रतीतून एकेक पान हुडकून काढत होती. प्रत्येक पानाला मजकुरावरून काढलेला एक आकडा असतो म्हणे. मजकुरात टिंब जरी बदललं तरी आकडा जुळत नाही. जुळलं ते पान घ्यायचं, न जुळलं ते बाजूला. ज्या पानात राजाची वेळ होती ते जुळलं. पाठोपाठ बाकीचे पक्षी. एकेक नाव सापडलं की ज्याचा पक्षी तो सुस्कारा टाकायचा. मी कुस्त्या पाहिल्या आहेत पोरांनो, खासबागेच्या मैदानात, पण एका जागी बसून कुणी असं लढताना नाही पाहिलं.

शेवटची डबी बाबालालची. सुरमीची रिंग सापडली. ती आली होती, एवढं पक्कं झालं. पण वेळेची नोंद होती पुढच्या पानावर, आणि त्या पानाच्या जागी येऊन बसला होता राजाचा फोटो. अण्णांनी सकाळी घातलेला. वसुधानं ते उघडून दाखवलं. राजाच्या लाल डोळ्याचा एक तुकडा.

मग अण्णाच उठले. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते तेव्हापासून. म्हणाले, "वसू, बाबालाल म्हणतो तशी राजाच्या आधीची वेळ लिही. मी सेक्रेटरी आहे, मी सही करतो. चूक माझी आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण. सोपं होतं. एक आकडा टाकायचा, सुरमी पहिली, भांडण मिटलं. आणि नाही टाकला तर लोक काय म्हणणार, हे तिला कळत होतं. मामाचा पक्षी पहिला आणायला भाची आली. दाराशी एक जण ते पुटपुटलाही.

तिनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मामा, हे पन्नास पक्षी खरे आहेत, कारण एकपण मी मनानं घातलेला न्हाई. एक घातला की मग मलाच सांगता येणार न्हाई कुठला खरा."

मग बाबालालकडं वळली. "चाचा, मला तुमचं पटतंय. पण पटलंय म्हणून लिहिता येत न्हाई."

आयुष्यभर मी हवं तिथं हवा तो पक्षी उतरवत आलो. एस्टीच्या टपावर, साहेबाच्या टोपीवर. माझं तोंड कुणी धरलं नाही. आणि ही एवढीशी पोरगी, सगळी पेठ विरुद्ध, एक रकाना भरायला तयार नाही. मला वाटलं, उठावं आणि हिच्या पाया पडावं. गुडघ्यामुळं राहिलं.

बाबालाल डिस्क कुरवाळत बसला होता. मग म्हणाला, "पोरी, तू अजून एकदा बघ."

तिनं पाहिलं. मधल्या वेळात तिनं आमचा प्रोग्रॅमही सुधारला. रिंगेचा नंबर हुडकायला तो दरवेळी पहिल्या हंगामातल्या पहिल्या पक्ष्यापासून चालत यायचा, म्हणून पेंगायचा. तिनं नंबरांची वेगळी सूची बांधून दिली. शिवाय तो एकेका पक्ष्यासाठी दार उघडून बंद करायचा. तिनं सगळी डबी एकदम आत घ्यायला लावली. त्यानंतर तो इतका पळायला लागला की एकदा पक्षी यायच्या आधीच निकाल लागेल अशी भीती वाटून मी हळू चालवायला सांगितलं.

आणि मग, पोरांनो, ऊन खिडकीतून आत आलं, तसं तिनं त्या राजाच्या डोळ्याच्या तुकड्याकडं पुन्हा पाहिलं. फोटो पानभर पुरला नव्हता. कडेला चिंचोळी पट्टी मोकळी राहिली होती. तिनं ती खरवडली. एक आकडा आला. मग दुसरा. मग सगळी वेळ. सुरमी राजाच्या कितीतरी आधी. अण्णांनीच बाबालालला मिठी मारली, आणि पेंटर बोलावून त्याच दुपारी फळ्यावर सुरमीचं नाव घातलं. बाबालाल फळ्याला नाक लावून उभा राहिला आणि त्यानं ते वाचलं. एकेक अक्षर. मी शेजारी होतो. सुर, मी.

नव्या पोरांपैकी एकानं डोळे पुसल्यासारखं केलं. मघाचा तो गाण्यांवरून हसलेला म्हणाला, "हे खरं वाटतं नाना. ते कबुतराचं तेवढं जरा..."

कोपऱ्यात लॅपटॉप मिटल्याचा आवाज झाला. रेहाना उठून पुढं आली. बाबालाल जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती उभी राहते ती त्याच्यासारखीच, मान किंचित तिरपी करून.

"कबुतराचंच खरं आहे," ती त्या पोराला म्हणाली. "कार्ड माझ्या हातानं सोडवलं मी. दोऱ्याची गाठ तुकाकाकांनी अशी मारली होती की दातानं तोडावी लागली."

मग माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं.

"ती वेळ मिळाली न्हाई, नाना. वसुधाताईनं रकाना कोराच ठेवला. अजून कोरा आहे, रोज बघते मी. हेरवाडे अण्णांनी राजाचं नाव घालू दिलं न्हाई, आणि अब्बा म्हणाले, मग सुरमीचं पण नको." तिनं फळ्याकडं बोट केलं. "आता जरा डोकं बाजूला घ्या. तुमच्या मागं त्या वर्षाची ओळ आहे ना, मोकळी, ती बघू दे सगळ्यांना."